पूर्वजांचा पत्ता

चिंचवड-भोसरीच्या कारखान्यांत एकाच पाळीत काम करणाऱ्या मंडळींत वर्षातून एकदोनदा हा विषय निघतोच. शबे-बरातच्या रात्री मुस्लिम सहकारी कबरस्तानात जाऊन आलेला असतो. २ नोव्हेंबरला, ऑल सोल्स डेला, ख्रिस्ती सहकारी फुलं-मेणबत्त्या घेऊन दफनभूमीत जातो. मग डबा खाता खाता कुणीतरी विचारतं, "आमच्यात जाळतात. राख इंद्रायणीत गेली. मला पणजोबांना भेटावंसं वाटलं, तर मी जायचं कुठं?"

प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तरही आहे. जायला जागा आहेत, वाटतात त्यापेक्षा बऱ्याच. अडचण एवढीच की त्यांचा पत्ता बहुतेक वेळा घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसालाच ठाऊक असतो आणि त्याला तो कुणी विचारलेला नसतो.

१. जाळणारे आणि पुरणारे

आपल्याकडे सगळेच जाळतात, हा समज आधी बाजूला ठेवू. लिंगायत समाजात मृताला बसलेल्या स्थितीत पुरतात. नाथपंथी, गोसावी आणि महानुभाव यांच्यातही पुरण्याची रीत आहे. संन्याशाला अग्नी देत नाहीत, समाधी देतात. आणि जाळणाऱ्या घरांतही दात न आलेलं मूल गेलं तर ते पुरलं जातं. शंभर वर्षांपूर्वी मुलं किती जात होती हे ध्यानात घेतलं, तर जवळपास प्रत्येक जुन्या घराण्याची अशी एखादी तरी जागा असणार. ती कुठं आहे हे पुरुष सहसा सांगू शकत नाहीत. आजी सांगू शकते, पण आपणहून सांगत नाही.

जाळणाऱ्यांनीही खुणा ठेवल्या आहेत. मावळ-खेड भागात शेताच्या बांधावर, आंब्याखाली किंवा विहिरीजवळ घडीव दगडाचा छोटा चौथरा दिसतो. त्यावर पादुका कोरलेल्या असतात, किंवा पिंड, किंवा तुळशी वृंदावन. ही त्या घरातल्या कुणाची तरी समाधी. जुन्या चौथऱ्यावर नाव नसतं, साल नसतं. बांधणाऱ्यांना त्याची गरज वाटली नसावी, कारण कुणाची समाधी हे अख्ख्या गावाला माहीत होतं. अलीकडे संगमरवरी पाटी आणि फोटो बसवतात. काही कुटुंबं राख नदीत न सोडता शेतात खड्डा करून त्यावर झाड लावतात. आळंदीला इंद्रायणीच्या पाण्यावर फेस तरंगताना पाहिलेल्या माणसाला हा बदल समजावून सांगावा लागत नाही.

आणि एक जागा तर घरातच असते, देवघरात. टाक पाहिले आहेत? दोन बोटं रुंदीचा चांदीचा पातळ पत्रा, ठशावर ठोकून त्यावर आकृती उठवलेली. घोड्यावरचा खंडोबा आपण ओळखतो, देवीही ओळखतो. पण पुष्कळ घरांत त्यांच्या शेजारी आणखी एखादा टाक असतो. त्यावर साधी उभी माणसं असतात, कधी एक, कधी जोडी. रोज पूजा करणाऱ्या सुनेला विचारलं तर ती म्हणते, "ते पितर." म्हणजे घरातलंच कुणीतरी. नाशिकला धुळवडीच्या दिवशी वीर म्हणून पुजल्या जाणाऱ्या पूर्वजांचे असे टाक वाजतगाजत मिरवतात. भाऊ वेगळे झाले की भांड्यांसारखे टाकही वाटले जातात, आणि कोणता टाक कुणाचा, ही माहिती मात्र वाटणीत हरवते. म्हणून शोधाची सुरुवात देवघरापासून करावी. गाडीचं पेट्रोलही वाचतं.

२. चिंचवडचं एक घराणं

एकाच घराण्याच्या पिढ्यान् पिढ्यांच्या समाध्या एका जागी पाहायच्या असतील, तर पिंपरी-चिंचवडकराला लांब जावं लागत नाही. पवनेच्या काठावर मोरया गोसावींची संजीवन समाधी आहे. गणेशभक्तीची मोठी परंपरा इथून सुरू झाली. मोरयांच्या वंशातल्या पुढच्या पुरुषांच्या समाध्याही याच परिसरात आहेत. दरवर्षी मार्गशीर्षात समाधी महोत्सव भरतो. पावसाळ्यात पवना धरणातून पाणी सोडलं की नदी मंदिरात शिरते आणि वर्तमानपत्रांत ठरलेला फोटो येतो. भाविकांसाठी हे देवस्थान आहे. आपल्या विषयासाठी ते एका कुटुंबाच्या समाध्यांचं आवारही आहे.

या कुटुंबाच्या इतिहासातलं एक गणित आपल्याला उपयोगी पडेल. परंपरा सांगते की मोरया गोसावींनी १५६१ साली समाधी घेतली आणि समाधीवरचं मंदिर त्यांचे पुत्र चिंतामणी यांनी बांधलं. मंदिरातल्या शिलालेखाप्रमाणे बांधकाम शके १५८० च्या कार्तिकात सुरू झालं आणि पुढच्या आषाढात पुरं झालं. शकाचं इसवी सन काढायला ७८ मिळवायचे, म्हणजे १६५८ ते १६५९. आता वजाबाकी करा. वडिलांची समाधी आणि मुलानं बांधलेलं मंदिर यांत ९७ वर्षं येतात! वडील गेले तेव्हा मुलगा तान्हा होता असं धरलं, तरी मंदिर बांधताना तो शंभरीला टेकलेला हवा.

मग खोटं कोण बोलतंय? कुणीच नाही. कुठंतरी साल सरकलं असेल, किंवा मधली एखादी पिढी गळली असेल, किंवा एकाच नावाच्या दोन माणसांची एक आठवण झाली असेल. या घराण्यात चिंतामणी आणि नारायण ही नावं पुन्हा पुन्हा येतात, आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात तशी. अभ्यासकांनीही मोरया गोसावींचा काळ वेगवेगळा मांडला आहे. ज्या घराण्याला शिलालेख आहे, सनदा आहेत, शेकडो वर्षांचा भक्तवर्ग आहे, त्याच्या बाबतीत हे होतं. मग आपल्या घरी "पणजोबांनी वाघ मारला होता" असं सांगतात, तेव्हा तो वाघ पणजोबांनी मारला की त्यांच्या आजोबांनी, हे तपासायला हवं. (वाघ होता की तरस, हा पुढचा प्रश्न.)

३. मधली पोकळी

पिढी गळते कशी, हे यान व्हान्सिना या बेल्जियन इतिहासकारानं चांगलं समजावलं आहे. आफ्रिकेत, काँगो-रवांडाच्या भागात, त्यानं तोंडी इतिहास गोळा केला. त्याला सगळीकडे एकच आकार दिसला. लोकांना अलीकडच्या दोन-तीन पिढ्यांचं भरपूर माहीत असतं. अगदी आरंभाचंही माहीत असतं, मूळपुरुष कोण, कुठून आला, देवानं त्याला काय दिलं. मधला भाग मात्र जवळजवळ रिकामा. शिवाय ही पोकळी जागच्या जागी राहत नाही, नवी पिढी आली की तीही पुढं सरकते. आज ज्यांच्या गोष्टी घरात रोज निघतात, ते आणखी तीस-चाळीस वर्षांनी त्या पोकळीत पडलेले असतात.

आपल्या घरावर हे ताडून पाहा. "आम्ही मूळचे अमुक गावचे, तिथून तीन भाऊ निघाले" ही गोष्ट बहुतेक घरांत असते. आजोबांच्या गोष्टीही असतात. त्या तीन भावांपासून आजोबांपर्यंत कोण कोण झालं? शांतता.

श्राद्धाच्या विधीत नावं घेतात ती किती पिढ्यांची, हे इथं आठवतं. वडील, आजोबा, पणजोबा. गुरुजी तीन नावं विचारतात आणि तिसऱ्या नावाला पुष्कळांची गाडी अडते, मग गावाकडे फोन लागतो. जिवंत माणसाच्या तोंडून थेट पुढच्या माणसापर्यंत जाणारी आठवण साधारण ऐंशी ते शंभर वर्षं टिकते, असं आजचे अभ्यासक म्हणतात. तीन पिढ्या म्हणजे जवळपास तेवढंच. विधी ठरवणाऱ्यांनी हा हिशेब केला होता असं मी म्हणणार नाही. पण माणसाच्या ध्यानात किती राहतं, याचा अंदाज त्यांना असावा.

एक छोटी परीक्षा घ्या. प्रत्येकाला चार आजी-आजोबा असतात, पणजोबा-पणजी मिळून आठ. आठांची नावं लिहा. चार पणजोबांपैकी दोन जमतील, कदाचित तीन. चार पणज्यांपैकी किती? बायकांची नावं आधी जातात, कारण लग्नात आडनाव बदलतं, पुष्कळदा नावही बदलतं आणि सासरच्या कागदावर माहेर कुठंच येत नाही. म्हणून घरात म्हातारी आत्या किंवा आजी असेल, तर पहिला प्रश्न तिच्या माहेरचा विचारावा. दुसरा, तिच्या आईच्या माहेरचा.

४. दगड काय सांगतो

जुन्या गावाच्या मारुतीच्या देवळामागे किंवा वेशीजवळ एकदोन कोरीव दगड टेकवून ठेवलेले असतात. शेंदूर फासलेला असेल तर लोक "वीर" म्हणतात, नाहीतर नुसतं "देव". हा वीरगळ. लढाईत पडलेल्या माणसाची खूण.

तो खालून वर वाचायचा. सगळ्यांत खालच्या चौकटीत वीर आडवा पडलेला असतो. कधी त्याच्याजवळ गाई दिसतात, म्हणजे गुरं पळवणाऱ्यांशी लढताना तो गेला. त्याच्या वर लढाई, हातात ढाल-तलवार. त्याच्या वर अप्सरा त्याला उचलून नेताहेत. सगळ्यांत वर तो शिवाच्या पिंडीसमोर हात जोडून बसला आहे आणि माथ्यावर कलश. बाजूला चंद्र-सूर्य असतात. ते आकाशात आहेत तोवर याची कीर्ती राहो, असा त्यांचा अर्थ. शेजारच्या दगडावर कोपरात वाकवून वर उचललेला एकच हात असेल आणि हातात बांगड्या, तर तो सतीचा दगड. दोन्ही दगडांवरचं सगळं वाचून झालं की लक्षात येतं, नाव बहुधा कुठंच नाही. त्यामुळे "हा आमचाच पूर्वज" असं तीन भावक्या एकाच दगडाबद्दल सांगू शकतात, आणि सांगतातही. भांडायचं कारण नाही. नारळ तिघांनीही फोडावा.

परक्याची समाधीही गाव जपतं. जानेवारी १७७९ मध्ये इंग्रज फौज पुण्यावर चालून येत होती. त्या फौजेतला कॅप्टन स्ट्युअर्ट कार्ल्याजवळ मारला गेला. मराठ्यांनी त्याच्या धाडसाचं कौतुक करून त्याला "इष्टुर फाकडा" म्हटलं आणि वडगाव मावळला आजही त्याची समाधी दाखवतात. त्याच्या स्वतःच्या घरच्यांना ती कधी पाहता आली असेल की नाही, कोण जाणे.

दापोडीहून मुळा ओलांडली की खडकी. तिथल्या युद्ध स्मशानभूमीत दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ सैनिकांच्या कबरी आहेत. पश्चिम आणि मध्य भारतात ठिकठिकाणी पुरलेल्या, पण तिथं कायमची निगा राखता येणार नाही अशा कबरी हलवून इथं आणल्या गेल्या. पहिल्या महायुद्धात भारतात मरण पावलेल्या अठराशेहून अधिक सैनिकांची नावंही तिथल्या स्मारकावर आहेत. कबर हलते, हे यातून शिकण्यासारखं. आपल्याकडे रस्ता रुंद करताना समाधीचा चौथरा चार पावलं सरकवतात तेव्हा लोक हळहळतात, पण प्रत्येक रांग तोलून-मापून ठेवलेली खडकीची ही स्मशानभूमीसुद्धा हलवून आणलेल्या कबरींचीच आहे.

उलट बाजूही आहे. मावळ, खेड, सातारा भागातली कित्येक माणसं पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात आणि फ्रान्सात गेली, ती परतलीच नाहीत. साताऱ्याजवळच्या एकट्या अपशिंगे गावातले ४६ जण त्या युद्धात पडले. त्यांना ना समाधी, ना दहावा. पण राष्ट्रकुल युद्ध कबर आयोगाच्या सूचीत अशा सैनिकांची नावं सापडतात, पुष्कळदा वडिलांचं नाव आणि गाव-तालुक्यासह. "आमचे एक आजोबा बसऱ्याला गेले ते गेलेच" एवढंच घरात माहीत असेल, तर तिथं शोधून पाहायला हरकत नाही.

५. कागद: थोडक्यात

चाकण पट्ट्यातल्या माणसाला सातबारा म्हणजे काय हे सांगायला नको. जमीन संपादनाच्या निमित्तानं कागदांच्या पिशव्या घेऊन तलाठी कार्यालयाच्या पायऱ्या सगळ्यांनी झिजवल्या आहेत. पण तेच कागद घराण्याचा इतिहास म्हणून वाचता येतात, हे लक्षात येत नाही. सगळ्यांत कामाचा कागद म्हणजे वारसाचा जुना फेरफार.

समजा, त्यात असं लिहिलं आहे: खातेदार मयत, वारस मुलगा वय १४, "अ.पा.क." आई. ही तीन अक्षरं म्हणजे अज्ञान पालनकर्ता. एवढ्या ओळीतून काय कळतं? बाप मुलगा चौदाचा असताना गेला. आई तेव्हा जिवंत होती आणि जमिनीचा कारभार तिच्या हाती आला. तिचं नावही कळतं, जे बाकी कुठंच नोंदलेलं नाही. फेरफाराच्या तारखेतून चौदा वजा केले की मुलाचं जन्मसाल अदमासे निघतं. मुली शोधायच्या असतील तर सातबाऱ्यावरचा "इतर हक्क" हा रकाना पाहा, बहिणींची नावं तिथं असतात. आणि "ए.कु.मॅ." दिसलं, तर ते एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. म्हणजे नाव थोरल्याचं असलं तरी पाठीमागं आणखी भाऊ आहेत.

जन्म-मृत्यूची जुनी नोंद गाव नमुना १४ मध्ये, ज्याला कोतवाल बुक म्हणतात त्यात. बरीचशी मोडीत. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा हीच दप्तरं खाली काढली गेली आणि एरवी कुणी ढुंकून न पाहिलेली मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. दाखल्यासाठी गेलेल्या कित्येकांना पणजोबांच्या वडिलांचं नाव तिथं पहिल्यांदा भेटलं. जुने फेरफार आणि सातबारे आता "आपले अभिलेख" या सरकारी संकेतस्थळावरही पाहता येतात.

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत तुमच्या घरातलं कोण कधी आलं होतं ते सापडू शकतं. सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडच्या घरांना हेळवी माहीत असतील. काही वर्षांनी एकदा दारी येतात, वंशावळ वाचतात, नवी नावं चढवून घेतात, धान्य-दक्षिणा घेऊन पुढच्या गावाला जातात. चाकणच्या फ्लॅटचा पत्ता त्यांना कळवलेला असतो का, एवढंच पाहा.

६. म्हाताऱ्या माणसाला विचारायचं कसं

आता मुख्य काम. दगड आणि कागद थांबू शकतात. माणूस थांबत नाही.

पुष्कळ जण मोबाइल पुढं धरून म्हणतात, "आजी, जुन्या आठवणी सांगा." आजी म्हणते, "आता काय सांगू बाबा, लई वर्सं झाली." आणि संपलं. दोष आजीच्या स्मरणशक्तीचा नसतो. आठवणीचं काम कांद्याच्या चाळीसारखं आहे. वरचा थर रोज हाताखालून जातो, तोच पुन्हा पुन्हा बाहेर येतो. आतला माल ढवळल्याशिवाय दिसत नाही. ढवळला की काही चांगला निघतो, काही सडलेला, आणि काहींना कोंब आलेले असतात.

ढवळायचं कसं? पहिला उपाय म्हणजे जागेवर नेणं. १९७५ मध्ये गॉडन आणि बॅडली या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी पाणबुड्यांवर एक प्रयोग केला. काही शब्द त्यांना किनाऱ्यावर पाठ करायला दिले, काही पाण्याखाली. पाण्याखाली पाठ केलेले शब्द त्यांना पाण्याखालीच जास्त आठवले, आणि किनाऱ्यावरचे किनाऱ्यावर. जिथं शिकलो तिथं आठवतं. घरात सोफ्यावर गप्प बसणारे तात्या समाधीच्या चौथऱ्यापाशी गेल्यावर अचानक बोलू लागतात, ते बहुधा यामुळेच. "इथं चिंच होती. तिच्याखाली दादांना ठेवलं होतं, पाऊस थांबेना म्हणून." हे वाक्य पुण्याच्या फ्लॅटमध्ये निघालं नसतं. म्हणून समाधीला जाताना एकटं जाऊ नये. नारळ विसरला तरी चालेल, म्हातारं माणूस बरोबर हवं. गुडघे दुखत असतील तर खुर्ची न्या.

दुसरा उपाय, "कधी" असं न विचारता "कशातून, कुणाबरोबर, काय खाल्लं" असं विचारणं. "लग्न कधी झालं?" याला उत्तर नाही. "वऱ्हाड कशातून आलं?" याला आहे. "गाड्यांतून. आठ गाड्या. नदीला पाणी होतं, तर मामांनी मला खांद्यावर घेतलं." एवढ्यात नवरीचं वय कळलं, हंगाम कळला आणि मामा नावाचं एक माणूस हाती लागलं.

साल मग आपण काढायचं, आणि त्यासाठी आपल्या भागाचं एक घटनांचं पंचांग जवळ ठेवायचं. वय नक्की ठाऊक नसलेल्या माणसांची वयं ठरवताना सर्वेक्षण करणारेही हीच युक्ती वापरतात. पुण्याच्या परिसरासाठी ते साधारण असं होईल. १८९७: प्लेग आणि रँडचा वध. १९१८: इन्फ्लुएन्झा, लोकांच्या तोंडी मानमोडी. १९४८: गांधीहत्या आणि नंतरची जळपोळ. १९५४: पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, म्हणजे "एचए आली". १२ जुलै १९६१: पानशेत धरण फुटलं. डिसेंबर १९६७: कोयनेचा भूकंप. १९७२: दुष्काळ, लाल मिलो, सुकडी. १९९३: किल्लारीचा भूकंप.

आता उदाहरण. आजी सांगते, "पानशेत फुटलं तेव्हा थोरला रांगत होता." रांगणारं मूल सात ते दहा महिन्यांचं. म्हणजे थोरल्याचा जन्म १९६० च्या पावसाळ्यानंतर ते वर्षअखेरीपर्यंत. थोरल्याचं आधार कार्ड मात्र म्हणतं, १ जून १९५८. कोण बरोबर? आजी. १ जून ही तारीख गुरुजींनी घातली आहे. शाळेत घालताना वय भरावं म्हणून पुढंमागं करून त्यांनी अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस एकाच दिवशी आणून ठेवला. कागद आणि तोंडी आठवण यांत कागदच खरा, असं धरून चालणाऱ्यांनी आपल्या घरातले १ जून मोजून पाहावेत.

तिसरा उपाय मला सगळ्यांत आवडतो. दोन म्हाताऱ्या बहिणी किंवा भाऊ एकत्र बसवायचे. पितृपक्षातल्या म्हाळाला भावकी जमते, जेवणं होतात आणि दुपारी पानाच्या डब्याभोवती बायका बसतात. तेव्हा एकीनं सांगायला सुरुवात केली की दुसरी म्हणते, "काय सांगते, ती गाय तांबडी नव्हती, कपिला होती." वाद सुरू झाला की आपण गप्प बसायचं. गाईच्या रंगावरून निघालेल्या भांडणातून गाय कुणाकडून आली, पैसे कुणी दिले आणि ते परत का दिले नाहीत, हे सगळं बाहेर येतं. ते एकट्या मुलाखतीत आलं नसतं.

काही पथ्यं. रेकॉर्डिंग लपूनछपून करायचं नाही, फोन समोर ठेवायचा आणि विचारायचं. जमिनीच्या वादाचा विषय निघाला तर फोन बंद. नाहीतर उद्या तीच फाइल पुरावा म्हणून फिरेल आणि आजी पुन्हा तोंड उघडणार नाही. गेलेल्या लेकराचा विषय चारचौघांत काढायचा नाही. एकट्यानं, आणि तिनं सुरू केला तरच. ती थांबली की आपणही थांबायचं, पुढचा प्रश्न नको. आणि ऐकताना चुका सुधारायच्या नाहीत. "अहो, तेव्हा नेहरू नव्हते" असं एकदा म्हटलं की माणूस मिटतो.

या सगळ्याचा मुलांना काय फायदा, असं पालक विचारतात. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांनी मुलांना त्यांच्या घराण्याबद्दल वीस प्रश्न विचारले होते. आई-वडील कुठं भेटले, आजी-आजोबा कुठं वाढले, घरावर कोणतं संकट आलं होतं, अशा प्रकारचे. ज्यांना उत्तरं जास्त माहीत होती, त्यांचा स्वतःवरचा विश्वासही जास्त आढळला. पण म्हणून वीस उत्तरं पाठ करून घेतली तर मूल ठणठणीत होतं असं नाही. ज्या घरात जेवताना गप्पा होतात तिथं उत्तरंही माहीत असतात. फायदा गप्पांचा आहे.

७. कंपनीखालची शेतं

पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यात या कामाला दोन खास अडचणी आहेत.

एक, इथली पुष्कळ घरं बाहेरून आलेली. जळगावचा माणूस आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी घागर भरायला जाऊ शकला नाही, तर मोशीच्या फ्लॅटमध्ये मातीच्या घागरीवर डांगर ठेवून पितरांना घास टाकतो. कावळा खिडकीत येतो की नाही, हा नशिबाचा भाग. लातूर-बीडकडच्यांना पितृपक्षात रजा मिळत नाही, दिवाळीत मिळते. मग विचारण्याचं काम दिवाळीतच उरकावं लागतं, आणि दिवाळीत कुणाला सवड नसते. पिंपरी कॅम्पातल्या सिंधी घरांची गोष्ट त्याहून वेगळी. त्यांचं गाव सीमेपलीकडे राहिलं, जागेवर नेण्याचा उपाय त्यांच्यापुरता बंदच. फाळणी स्वतःच्या डोळ्यांनी पाहून आठवणारी माणसं आता ऐंशी ओलांडलेली आहेत. तिथं घाई करायला हवी.

दुसरी अडचण मूळच्या रहिवाशांची. भोसरी, आकुर्डी, पिंपरी आणि चिंचवड ही गावं १९७० मध्ये एका नगरपालिकेत आली, १९८२ मध्ये महापालिका झाली. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या एमआयडीसीनं आधी इथल्या आणि नंतर चाकणकडच्या जमिनी घेतल्या. पट्टा महाळुंगे, निघोजे, खराबवाडीपर्यंत पसरला. बांध गेला की बांधावरची समाधीही जाते. कुठं ती उचलून गावठाणात आणतात, कुठं कुंपणाच्या आत राहते आणि वर्षातून एकदा विनंती करून पाया पडावं लागतं. कुठं राहतच नाही.

जे गेलं ते परत येत नाही, पण त्याची जागा कागदावर आणता येते. भूमी अभिलेख कार्यालयातून गावाचा जुना नकाशा मिळतो. त्यावर गट नंबर असतात, शेतांची नावं नसतात. ती नावं, चिंचेचं, डागाचं, मळईचं, थोरल्या विहिरीचं, फक्त नांगर धरलेल्या माणसांच्या तोंडात आहेत. नकाशा टेबलावर पसरायचा, नानांना शेजारी बसवायचं आणि एकेका तुकड्यावर बोट ठेवून विचारायचं: याला काय म्हणत होते, कुणाचं होतं, समाधी कुठल्या कोपऱ्यात होती. पेन्सिलीनं लिहायचं, कारण नाना मध्येच म्हणतात, "थांब, ते वरच्या अंगाला." नकाशाची प्रत मात्र मोठी काढून घ्या. ए-फोर कागदावर त्यांना दिसत नाही.